पाच मतांचा गठ्ठा

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षाला पाडायचं मी ठरवलं ते नवऱ्याचा डबा भरताना. सतरा वर्षं तो डबा मी पहाटे साडेचारला भरत होते, कारण रिफायनरीकडे जाणारी कंपनीची बस कुवेतमधल्या फिंतासच्या आमच्या कोपऱ्यावर पाचला येते. एका रविवारी तो साडेसहाला उठला आणि म्हणाला, घाई नको करूस, आजपासून अर्दियाला जायचंय. अर्दियाला कंपनीचं गोदाम आहे. तिथे व्हॉल्व्ह आणि पंपांच्या सुट्या भागांची खोकी येतात, जातात, आणि त्यांची नोंद ठेवायला एक टेबल आहे. चालू पंपाला नुसता कान लावून त्याचं कुठे दुखतंय ते सांगणारा माणूस त्या टेबलाशी नेऊन बसवला होता. तो म्हणाला, बदली झाली. मी पोळी लाटता लाटता मनात दुसराच शब्द वापरला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

रिफायनरीत शिरायला वेगळा पास लागतो आणि तो दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो. त्या वर्षी तो आला नाही. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं घेऊन फिरणारा माणूस, खांदे उडवून म्हणाला, वरून आला नाही. वरून म्हणजे कुठून आणि का, हे विचारायची आमची सोय नव्हती. ती का नव्हती ते आधी सांगते.

आम्ही कोकणातले ज्यू. बेने इस्रायल. अलिबागच्या आसपासच्या गावांत आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी आम्हांला शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून पडली, शेवटी कर. भाषा मराठी. मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, सोलकढी, सगळं शेजाऱ्यांचंच. प्रार्थनेची जागा तेवढी वेगळी, आणि तिलाही आमच्यातली जुनी माणसं मशीदच म्हणतात. कुवेतला यायचं ठरलं तेव्हा मुंबईच्या एजंटने आडनाव पाहिलं, माझा गळा पाहिला आणि अर्जातल्या धर्माच्या रकान्यात स्वतःच हिंदू लिहून मोकळा झाला. नवऱ्याने ते वाचलं. मी वाचलं. दोघांनी खाली सही केली. अशी चूक आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. आम्ही खोटं लिहिलं नाही, दुसऱ्याने लिहिलेलं खोडलं नाही एवढंच. पुढे इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, दर वेळी त्याच रकान्यावर नवा होत गेला. दाराच्या चौकटीला लावायची प्रार्थनेच्या कागदाची आमची ती छोटी नळी मी कपाटाच्या दाराला आतून लावली आणि शुक्रवारचा दिवा पडदे ओढून लावू लागले.

आता अध्यक्ष. तो पनवेलचा, आमच्या तिथल्या मशिदीच्या मागच्या आळीत वाढलेला. आडनाव कानावर पडताच त्याने आम्हांला ओळखलं होतं आणि बारा वर्षं कोणापाशी चकार शब्द काढला नव्हता. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. माझ्या रागाला ते आवडत नाही, पण खरं आहे.

पंचाईत अशी, की या माणसाचं ज्यूंवर प्रेम होतं. मंडळाचा एकही कार्यक्रम त्याने त्या प्रेमाशिवाय पार पडू दिला नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू असो नाहीतर मुलांचा गुणगौरव, हा माईक हातात घेतला की पाच मिनिटांत इस्रायलवर यायचा. मराठी माणूस फुटतो, ज्यू फुटत नाही, म्हणायचा. त्यांच्यात एकाने ठरवलं की सगळे एका बाजूला मत टाकतात, म्हणून ते जगाला भारी पडले. लोक टाळ्या वाजवायचे. मी तिसऱ्या रांगेत मांडीवर पर्स धरून बसायचे. गंमत म्हणजे मी ज्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते, तिथला औषधांचा माणूस दर आठ दिवसांनी हेच सांगायचा. ज्यू सगळे एक आहेत, एकाला हलवा म्हणजे सगळे हलतात. हा कौतुकाने बोलायचा आणि तो शिवी घालून, वाक्य तेच. दोघांपैकी कोणाचा जास्त संताप यायचा हे मला आजही ठरवता येत नाही.

कारण मला माझं माहेर ठाऊक होतं. माझा मामा साठच्या दशकात बायकामुलांना घेऊन इस्रायलला गेला. बोटीवरून उतरल्यावर त्यांना ट्रकात बसवलं आणि वाळवंटातल्या एका अर्धवट बांधलेल्या गावात उतरवलं. मामा म्हणाला, मला समुद्राकाठची सवय आहे. कागद धरलेला अधिकारी म्हणाला, सवयी बदलतात. पुढे तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढली की हे हिंदुस्थानातून आलेले लोक पुरते ज्यू आहेत का, यांच्याशी सोयरिक करावी का. आमची माणसं पोराबाळांसकट रस्त्यावर बसली तेव्हा कुठे ते मिटलं. तेव्हा राज्य ज्या पक्षाचं होतं त्याला मामाने मरेपर्यंत मत दिलं नाही. कोणाला निवडून आणायचं याचा त्याने कधी विचार केला नसेल, पण कोणाला पाडायचं हे त्याला आयुष्यभर नीट ठाऊक होतं. मामी दर निवडणुकीला त्याच्याबरोबर जायची, मान डोलवायची आणि पडद्यामागे जाऊन त्याच पक्षाची चिठ्ठी पाकिटात घालायची. त्या पक्षाच्या दवाखान्यातल्या नर्सने तिची धाकटी मुलगी वाचवली होती. हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं, फक्त मामाला नव्हतं.

माझा थोरला भाऊ त्याच वाळवंटात राहतो. तो उजव्या पक्षाला मत देतो, मामाची खुन्नस त्याला वारशात मिळाली आहे. शिवाय त्याचा मुलगा सैन्यात आहे. धाकटी बहीण हैफाला. ती डावीकडची, दर शनिवारी संध्याकाळी सरकारविरुद्ध फलक घेऊन चौकात उभी राहते. युद्ध सुरू झाल्यावर त्या फलकावरचा मजकूर बदलला आणि भाऊ तिला नको ते बोलला. तेव्हापासून वल्हांडणाच्या सणाला ती त्याच्या घरी जात नाही. एक चुलतभाऊ अचानक देवधर्माला लागला, तो त्याचे रब्बी सांगतील तिथे मत टाकतो. एक मावसभाऊ मतच देत नाही, मतदानाची सुट्टी असते म्हणून समुद्रावर जाऊन कोंबडी भाजतो. अमेरिकेतली भाची तिथल्या निवडणुकीत मत देते आणि या सगळ्यांना वेडे ठरवते. हे सगळं मला ठाण्याच्या आत्याकडून कळतं, कारण इथून मी त्यांना सरळ निरोप पाठवत नाही. आत्या दोघांचे निरोप पुढे ढकलते आणि खाली लिहिते, तू काही बोलू नकोस. माझं विचाराल, तर सकाळी मला बहिणीचं पटतं आणि भाच्याचा वर्दीतला फोटो आला की भावाचं. मला तिथे मत नाही हे बरंच आहे. पण एका आईच्या पोटची दोन माणसं एका ताटावर बसेनाशी झाली आणि हा पनवेलचा मनुष्य माईकवरून सांगतो की ज्यू फुटत नाहीत.

मग त्याने ते छापलं. मंडळाची दिवाळीची स्मरणिका निघते, पुढे जाहिराती, मागे जाहिराती, मध्ये कविता आणि पाककृती. त्या वर्षी मध्यभागी त्याचा लेख होता, एकजुटीचा धडा. आमच्या पूर्वजांचं नवगावच्या किनाऱ्याला फुटलेलं जहाज, तेलाचे घाणे, शनिवार, सगळं व्यवस्थित. शेवटच्या परिच्छेदात, अभिमानाची गोष्ट ही की या समाजातले पाच जण आपल्या मंडळाचे सभासद आहेत. आणि खाली आमची आडनावं. माझ्या नवऱ्याचं पहिलं, गावाच्या नावासकट.

ते दिवस कसे होते ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. गाझातलं युद्ध चालू होतं. जमियात, आमच्या सहकारी दुकानात, कुठला माल घ्यायचा नाही याच्या याद्या लोक हातात धरून फिरत होते. दवाखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या पॅलेस्टिनी नर्सच्या चुलत्याचं अख्खं घर गेलं. मी तिच्याजवळ बसले, तिला पाणी दिलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला खरंच रडू आलं. तिच्या पाठीवर कोणाचा हात आहे ते तिला माहीत नव्हतं आणि ते कळू नये म्हणून मी प्रार्थना करत होते. अशा दिवसांत आमचं आडनाव छापून त्याच्या प्रती जाहिरातदारांना पाठवल्या गेल्या. मंडळाच्या गटावर सगळी स्मरणिका फिरली. तीन आठवड्यांनी नवऱ्याचा पास आला नाही.

या दोन गोष्टींचा संबंध होता का? मला अजून माहीत नाही. त्या वर्षी आणखी दोघांचे पास आले नव्हते, त्यातला एक केरळचा ख्रिश्चन आणि एक नाशिकचा. पण तेव्हा मला कोणी हे समजावायला आलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. मला एक माणूस सापडला होता आणि तो मी सोडणार नव्हते. जाऊन त्याला फाडून खावं असं वाटत होतं, पण नवऱ्याने हात धरला. म्हणाला, त्याला काही विचारू नकोस, वाढेल. तेवढं मात्र मला पटलं. बोलून वाढलं असतं, म्हणून मी न बोलता डूख धरला.

संधी सहा महिन्यांनी आली. आमच्या मंडळात निवडणूक म्हणजे चार जुने लोक एकाच्या घरी जेवतात आणि दुसऱ्या दिवशी यादी येते, बिनविरोध. त्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी उभं राहिलं. बँकेत काम करणारी संभाजीनगरची बाई, स्पष्ट बोलणारी, हा माणूस तीन वेळा झाला आता बस म्हणणारी. मी तिला फोन करून माझं मत तुला म्हणाले नाही. मला एक मत नको होतं.

कारण दुसऱ्याच आठवड्यात अध्यक्ष आमच्याकडे आला. हातात चकल्यांचा डबा. नवऱ्याने स्वतः उठून चहा केला, जो तो एरवी मी तापाने फणफणले तरी करत नाही. अध्यक्ष इकडचं तिकडचं बोलला, अर्दियाच्या गोदामातल्या उकाड्याबद्दल हळहळला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग तो मुद्द्यावर आला.

"वहिनी, तुमचं एकदा ठरलं की पाचही मतं आली, हे मला माहीत आहे. तुमच्यात फाटाफूट नसते. म्हणून मी एगैलाला त्या जोडप्याकडे गेलोच नाही, सरळ तुमच्याकडे आलो."

मी त्याला आणखी दोन चकल्या वाढल्या, त्याच्याच डब्यातल्या. म्हटलं, तुम्ही निश्चिंत असा, पाचही एकगठ्ठा. तो इतका खूश झाला की जाताना माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेला. दार लावल्यावर मला हसू आवरेना. त्याने आपल्या वहीत पाच मतं धरायची, त्या जोरावर गाफील राहायचं आणि मतमोजणीत तीच पाच समोरच्या पारड्यात पडलेली बघायची. त्याच्याच सिद्धांताने त्याला पाणी पाजायचं, यापरता सुंदर सूड मला सुचला नसता. ते चार दिवस मी गाणी म्हणत स्वयंपाक केला.

पाच मतं म्हणजे आम्ही दोघं, एगैलाचं एक जोडपं आणि एक विधुर काका. काका हिशेबनीस होते, आता एका दुकानाची वह्या-पुस्तकं बघतात. मी एगैलापासून सुरुवात केली. तिथली बायको लगेच म्हणाली, मी बाईलाच देणार होते. तुझ्या भांडणाशी मला देणंघेणं नाही, मंडळात एकदा बाई अध्यक्ष झाली पाहिजे. चला, एक. तिचा नवरा कॉम्प्युटरवरून मान वर न काढता म्हणाला, माझं मत अध्यक्षालाच. मी त्याला पासाचं सांगितलं, गोदामाचं सांगितलं, तुझंही नाव छापलंय म्हणाले. त्याने मान वर काढली.

"वहिनी, माझ्या आईने ते पान ठाण्याच्या सगळ्या बायकांना दाखवलं. आपल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा कोणी चांगलं छापलं आणि तुम्ही त्यालाच पाडायला निघालात?"

मी त्याच्याशी पाऊण तास वाद घातला. त्याची बायको मध्येच त्याच्यावर उखडली, मग तो तिच्यावर. विषय मंडळावरून तिच्या भावाच्या लग्नावर गेला, आणि मी त्या दोघांना भांडत ठेवून उतरले.

काकांकडे भजी घेऊन गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, भजी संपवली आणि सांगितलं की ते वीस वर्षं कोरी चिठ्ठी टाकत आले आहेत. तरुणपणी ते ठाण्यात कामगार संघटनेत होते. तेव्हापासून त्यांचा नेम आहे की ज्याला खुर्ची हवी आहे त्याला मत द्यायचं नाही, आणि हवी नसलेला माणूस उभा राहत नाही. मी म्हटलं, काका, हा आपल्या माणसांचा प्रश्न आहे. ते म्हणाले, आपली माणसं म्हणजे कोण, मी तर तुझ्या सासऱ्याशीसुद्धा तीस वर्षं बोलत नव्हतो. ते खरं होतं. मशिदीच्या विश्वस्तांच्या निवडणुकीवरून बिनसलं होतं.

घरी आले ती धुमसतच. नवऱ्याला म्हटलं, तुझं तरी? तो म्हणाला, बघू. बघू काय, आपल्या पाचांनी एका बाजूला उभं राहायला नको का, एवढंही जमत नाही आपल्याला, एकजूट म्हणून काही आहे की नाही. मुलगी सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

"मम्मा, यू साउंड एक्झॅक्टली लाइक हिम," ती म्हणाली.

मी तिला अभ्यासाला बसवलं. ती सतरा वर्षांची असून सकाळपासून अभ्यासच करत होती.

तेव्हा गठ्ठा जमत नाही म्हटल्यावर मी दुसरा डाव टाकायचं ठरवलं. वार्षिक सभा शुक्रवारी सकाळी असते, फिंतासच्या एका सभागृहात. मतदानाआधी सभासदांना प्रश्न विचारता येतात. लोक सहसा पार्किंगबद्दल आणि जेवणातल्या श्रीखंडाबद्दल विचारतात. मी निळी पैठणी नेसून गेले. माझा नंबर आला तेव्हा मी उभी राहिले आणि आवाज न चढवता विचारलं.

"स्मरणिकेत माझ्या कुटुंबाची खासगी माहिती छापली गेली. ती कोणाला विचारून छापली, एवढं अध्यक्षांनी सभेला सांगावं."

सभागृहात सगळ्यांना ते पान माहीत होतं. नवऱ्याची बदली झाली तेही माहीत होतं. या दोन्हींवर हळू आवाजात बोलणं झालेलं होतं, मोठ्याने कोणी बोललं नव्हतं. तिथे इकाम्यावर जगणारी अडीचशे माणसं बसली होती, आणि प्रत्येकाच्या कागदावर कुठे ना कुठे एक रकाना असा असतो की ज्याची चर्चा नको असते. मला ते ठाऊक होतं. म्हणूनच मी तो प्रश्न तसा विचारला होता.

अध्यक्ष माईकपाशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी, नवऱ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग समोरच्या कागदांची चळत उगाच सारखी केली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं."

एवढंच. सबब नाही, भाषण नाही. जो माणूस हळदीकुंकवाला अर्धा तास बोलतो त्याच्या तोंडून दोन वाक्यं निघाली आणि तो खाली बसला. कोणीतरी मागून म्हणालं, हे बरोबर नाही केलं. मग आणखी दोघं बोलले. मी बसले. मला तेव्हा जे वाटलं त्याला आनंद याखेरीज दुसरा शब्द नाही, आणि तो मी चवीने घेतला. त्याचे कान लाल झालेले मला तिसऱ्या रांगेतून दिसत होते.

तो अकरा मतांनी पडला. बारा वर्षं त्याच्या घरी जेवलेल्या नाशिककरांनीच त्याला सोडलं असं नंतर कळलं. आमच्या पाचांचं म्हणाल, तर दोन इकडे, दोन तिकडे आणि एक कोरी. आमचा गठ्ठा त्या मोजणीत नसता तरी काही फरक पडला नसता. एगैलाच्या बाईने फोन करून आपल्या घरातलं एक आणि एक सांगितलं, काकांनी सभागृहाच्या दारातच सांगितलं होतं. उरलेलं दुसरं मत कोणाचं ते मला गाडीत कळलं. अगदी घराजवळच्या सिग्नलला मी म्हटलं, म्हणजे आपली तीन बाईला, अध्यक्षाला एकच. नवरा समोर बघत म्हणाला, दोन. एक माझं.

 घरी येऊन पैठणी सोडली, घडी घातली, आणि मग बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण बरंच बोलले. तो बिछान्याच्या कडेला बसून ऐकत होता. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा तो बोलला.

"त्याने विचारलं होतं. छापायच्या आधी कागद घेऊन आला होता माझ्याकडे, बसच्या थांब्यावर. मीच वाचून दिला. आमच्या गावाचं चुकलं होतं, ते मी नीट करून दिलं."

मी विचारलं, आणि मला? तो म्हणाला, तू नाही म्हणाली असतीस. ते खरं होतं. मी नाहीच म्हणाले असते, आणि त्या कागदाचे तुकडे केले असते.

मग त्याने सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण तो एका वेळी इतकं कधी बोलत नाही.

"बाबा गेले तेव्हा ऑफिसात सगळे चांगले वागले. म्हणाले, तेराव्यापर्यंतची रजा टाक. मी अर्जात लिहिलं, वडिलांचं तेरावं. माझ्या हाताने लिहिलं. परत आल्यावर सगळे विचारायला आले, पिंडाला कावळा शिवला का. मी हो म्हटलं. अध्यक्ष एकटाच पनवेलच्या आठवणीने मला म्हणाला, तुमच्यात सात दिवस जमिनीवर बसतात ना, तुला बसायला मिळालं का. मला नव्हतं मिळालं. विमानाचं तिकीट मिळालं तेच आठव्या दिवसाचं. त्याने पुढे तो कागद आणला तेव्हा मला वाटलं, एकदा कुठेतरी खरं छापून येऊ दे. पास गेला तर गेला."

मी विचारलं, मग तो आज सभेत गप्प का बसला. एका वाक्यात सुटला असता. मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं असतं. नवरा म्हणाला, पासाचं कळल्यावर मी त्याला सांगितलं होतं की हिला कळू देऊ नकोस. त्याने शब्द दिला होता.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. संध्याकाळचा दिवा लावायचा होता, पडदे ओढायचे होते, भात टाकायचा होता. ते सगळं केलं. नवऱ्याशी मी पुढचे नऊ दिवस बोलले नाही. तो अजून अर्दियालाच आहे. पास पुढच्या वर्षी आला, तेव्हा त्याने सांगितलं की गोदामातलं जेवण वेळेवर होतं, मला इथेच बरं आहे.

अध्यक्ष, म्हणजे आता माजी, मला जमियात भेटतो. परवा खजुरांच्या फळीपाशी भेटला. वहिनी कशा आहात, मुलीचा निकाल लागला का, असं विचारतो, जणू काही झालंच नाही. मंडळाच्या कार्यक्रमांना येतो तेव्हा शेवटच्या रांगेत बसतो आणि आता कोणी त्याला माईक देत नाही. खरं काय ते मला कळलंय हे त्याला माहीत नाही. माफी मागायला हवी हे मला समजतं, मी काही दगड नाही. पण माफी मागायची तर आधी त्याच्यासमोर कबूल करावं लागेल की माझ्या नवऱ्याने एवढी मोठी गोष्ट मला सोडून त्याला सांगितली होती. तेवढं समाधान मी त्याला देणार नाही.